गाण्याआधीचं वाजणं

एखादं गाणं पटकन आठवत नसलं की माणूस शब्द शोधत बसत नाही, तोंडानं वाजवायला लागतो. "अगं ते नाही का, टिडिंग टिडिंग टिडिडिंग..." आणि समोरच्याला कळतंही! 'चुरा लिया है'ची सुरुवात घ्या. काचेची किणकिण, लगेच भूपिंदर सिंग यांची गिटार. आशाबाईंनी तोंड उघडायच्या आत आपण गाण्यात पोचलेलो असतो. 1973 सालचं गाणं, पण आजही कुठल्याही ऑर्केस्ट्रात ती किणकिण झाली की पहिली शिट्टी पडते. शब्दांना टाळी मिळते ती त्यानंतर.

गंमत म्हणजे हे सुरुवातीचे तुकडे रचणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. पोस्टरवर संगीतकार असायचा, गीतकार असायचा. चालीभोवती व्हायोलिनं, सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन कुठे आणि किती वाजणार हे कागदावर उतरवणारा संयोजक मात्र मागे राहायचा. मुंबईच्या त्या काळातल्या स्टुडिओंमध्ये ही माणसं बऱ्याचदा गोव्याची असत. चर्चशी जोडलेल्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं संयोजन सेबॅस्टियन डिसूझांचं. ती गाणी आपण वाद्यांसकट गुणगुणतो, पण डिसूझांचं नाव घेणारा माणूस शोधावाच लागतो.

बरं, त्यांच्या हाती वेळ तरी किती? 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यात मुखडा, अंतरे, मधलं संगीत सगळं बसवायचं. सुरुवातीच्या वाट्याला येत ते काही सेकंद. तेवढ्यात गायकाला सूर द्यायचा, लय सांगायची आणि पडद्यावरच्या नायकाला झाडामागून बाहेरही काढायचं!

कधी वाद्यांऐवजी शब्दांनीच वातावरण तयार व्हायचं. 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या आधी ठेक्याशिवाय गायलेल्या ओळी आहेत. आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात पुढे आल्या होत्या. 1949 साली दुसरी सोय नव्हती. मला तर मूळ मुखड्यापेक्षा ते चालत येणंच जास्त आवडतं.

तमाशात हाच मामला किती मोकळा! गण सुरू होण्याआधी ढोलकी आणि हलगी एकमेकींना भिडतात. तिथं सेकंद मोजायला कुणी नसतं. गावातली माणसं जेवणं उरकून फडापर्यंत पोचेपर्यंत वाजवायचं. हलगी कडाडली की वाटेवरची पावलं आपोआप भराभर पडतात.

आता उलटं झालंय. अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार तिथल्या लोकप्रिय गाण्यांची सुरुवात 1986 च्या सुमारास वीसेक सेकंदांची होती, 2015 पर्यंत ती पाचेक सेकंदांवर आली. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तरच गाणं ऐकलं असं धरतात. मग वाट कोण पाहायला लावणार? रीलमध्ये तर गाणं थेट मधूनच उचलतात. याचा मला राग येतो, पण ऐंशीच्या दशकातली सिंथेसायझरची काही लांबलचक दळणं आठवली की कात्री लावणाऱ्यांना अगदीच दोष देववत नाही. आणि लोक थांबायला तयारच नाहीत असंही नाही. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. 'याड लागलं'च्या आधीची ती व्हायोलिनं पुढे ढकलून गाणं ऐकणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

सुरुवातीच्या संगीताचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र आमच्या मामांनी करून घेतला. भेंड्यांमध्ये 'ह' आला आणि काही सुचेना, की ते मांडीवर ठेका धरून तोंडानं व्हायोलिनं वाजवायला लागत. समोरची पोरं आकडे मोजायची, "शब्द, मामा, शब्द!" म्हणून ओरडायची. मामा डोळे मिटून म्हणायचे, "थांबा रे, म्युझिक चालू आहे." तेवढ्यात मामी मागून हळूच गाणं पुरवायची.