चौदा महिन्यांत चार

"डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय?" संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णाच्या मुलीने विचारलं.

"तीनशेच्या वर," मी म्हणालो. आकडा खरा होता.

तिच्या वडिलांची डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, ८० टक्के चोंदली होती. दहा दिवसांपूर्वी उजवा हात लुळा पडला, वाचा गेली आणि वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पुढचा झटका एवढ्यावर सोडेलच असं नाही. अशा वेळी मी औषधं आणि ऑपरेशन यांची तुलना करणाऱ्या १९९१ सालच्या नॅसेट चाचणीचे आकडे सांगतो. दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के, धमनी उघडून आतला थर काढण्याचं हे ऑपरेशन केलं तर ९. तिलाही तेच सांगितलं.

आम्ही मान तेवढी बधिर करतो. रुग्ण जागा असला की मेंदूची खबर त्याच्याकडूनच मिळते. काकांच्या उजव्या हातात दाबलं की चीं वाजणारं रबरी बदक दिलं होतं. (हजारो रुपयांच्या मॉनिटरपेक्षा माझा त्या बदकावर जास्त भरवसा आहे.) रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, रक्त थांबवायला क्लॅम्प लावले: आधी इंटर्नल (मेंदूकडे जाणारी शाखा), मग कॉमन (खालची मुख्य धमनी), शेवटी एक्स्टर्नल (चेहऱ्याकडे जाणारी शाखा). बदक वाजत होतं. मी धमनी उघडली, आतला पिवळा, ठिसूळ थर दिसला, आणि बदक थांबलं.

"काका, दाबा. काका?" भूलतज्ज्ञ मॅडमचा आवाज बदलला. "उजवा हात पडलाय. बोलत नाहीयेत."

आता शंट. बारीक नळी घालून रक्ताला तात्पुरती वाट करून द्यायची. आधी वरचं टोक इंटर्नलमध्ये, मागून रक्त आलं की हवा निघून जाते, मग खालचं टोक कॉमनमध्ये. सगळं पाठ होतं. पण टोक आत जाईना. भिंतीच्या आतल्या थराला घासून ते अडलं. जोर लावला तर तो थर सोलवटतो किंवा कचरा सुटून थेट मेंदूत जातो. मी नळी मागे घेतली, पुन्हा धरली. कोन चुकतोय हे कळत होतं, पण तो सुधारता येत नव्हता.

"सर, मी घालू?"

समोर उभा असलेला सहकारी माझ्याच हाताखाली शिकलेला. गेली दोन वर्षं आमच्या युनिटमधल्या बहुतेक सगळ्या कॅरोटिड तोच करतो. मी मीटिंगा आणि स्टेंटमध्ये अडकलेलो. मी फोर्सेप्स त्याच्या हातात दिला. त्याने धमनीची कड किंचित वर उचलली, नळी सरकली. अर्ध्या मिनिटात खालचं टोकही बसलं. थोड्या वेळाने टेबलाखालून चीं ऐकू आलं. पुढचं ऑपरेशन त्यानेच केलं. मी सक्शन धरला.

रात्री लॉगबुक उघडलं. एकूण ३१२. गेल्या चौदा महिन्यांत चार. मग नॅसेटचा मूळ लेख काढला. इतकी वर्षं त्यातले निकाल तोंडपाठ सांगतोय, पण चाचणीत कोणाला घेतलं होतं तो परिच्छेद मी विसरूनच गेलो होतो. आधीच्या २४ महिन्यांत सलग किमान ५० ऑपरेशनं आणि त्यांत पक्षाघात किंवा मृत्यू ६ टक्क्यांहून कमी, अशी नोंद दाखवणाऱ्या केंद्रांनाच प्रवेश होता. ते ९ टक्के अशा हातांचे होते. मुलीला मी ते माझे म्हणून सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी काका बिछान्यात बसून चहा पीत होते, उजव्या हातात कप. मुलीला बाहेर बोलावून मी सगळं सांगितलं: बदक, शंट, चारचा आकडा.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते डॉक्टर तर कालही तिथेच होते ना? मग आधीच त्यांना का नाही करायला दिलं?"