‘स्टोरीच नाय बे!’ : ‘वॉरफेअर’वरच्या तक्रारी

२०२५ साली आलेल्या ‘वॉरफेअर’ या युद्धपटाबद्दल आपल्या सोलापुरात बोलणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. एक ‘एकदम खराखुरा’ म्हणून हात जोडणारा, दुसरा ‘स्टोरीच नाय बे, नुसतं बोंबलतेत’ म्हणून वैतागलेला. गंमत म्हणजे दुसऱ्या तटाची तक्रार ज्या गोष्टींवर आहे, नेमक्या त्याच या चित्रपटात सगळ्यात पक्क्या आहेत. आणि पहिला तट जे खरं समजून बसलाय, तिथे मात्र थोडं सांभाळून घ्यायला हवं.

नोव्हेंबर २००६, इराकमधलं रमादी. अमेरिकी नेव्ही सील्सची (नौदलाच्या खास कमांडोंची) तुकडी एक राहतं घर ताब्यात घेते आणि दिवसा तिथेच अडकते. सहदिग्दर्शक रे मेंडोझा स्वतः त्या तुकडीत होता. दुसरा दिग्दर्शक ॲलेक्स गारलंडबरोबर त्याने सोबत्यांच्या आठवणी जुळवून पटकथा बांधली. लांबी ९५ मिनिटं. पार्श्वसंगीत नाही.

‘सुरुवातीला काहीच होत नाही.’ बरोबर, टेहळणीत काहीच होत नाही. एक जण रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावून पडलेला, रस्त्यावर कोण आलं, कोण वळून बघून गेलं याची नोंद, रेडिओवर कुजबुज. डोळा थकतो म्हणून माणसं आलटूनपालटून बसतात. तोच माणूस दुसऱ्यांदा डोकावून गेला, एवढीच तिथली ‘घडामोड’. ती नजरेतून सुटली की पुढचा हातबॉम्ब अचानक आल्यासारखा वाटतो.

‘आवाज फुटलाय.’ थिएटरवाल्याला शिव्या देण्याआधी हे बघा. या रायफलींची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७०० ते ९०० मीटरने सुटते, आवाज जातो ३४० ने. म्हणून गोळी जवळून गेली की आधी कोरडा ‘कडाड’, मग लांबून बंदुकीचा ‘धप्प’. ३०० मीटरवरून झाडली असेल तर दोन्हींत जवळपास अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लांबून पाहताना उजेड आधी नि आवाज मागून येतो, तसाच हिशेब. फक्त इथे उजेडाच्या जागी गोळी पोहोचलेली असते. स्फोटानंतर सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं होतं, तेही मुद्दाम केलंय. कानात उरणारी ती शिट्टी काय असते, हे शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर वर्षं काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

स्फोटात आगीचा गोळा नाही म्हणून हिरमुसलेलेही आहेत. तो केशरी गोळा सिनेमावाले पेट्रोल वापरून काढतात. खऱ्या स्फोटात क्षणभर लखलखाट आणि मग धूळ, भरपूर धूळ.

आता ते ओरडणं. सगळ्यात जास्त कुरकुर यावरच. स्फोटात दोघांच्या पायांच्या चिंधड्या झाल्यात आणि ते थांबतच नाहीत. ‘इंजेक्शन दिलं की, मग गप का होईना?’ कारण स्नायूत दिलेलं मॉर्फिन, म्हणजे वेदना मारणारं औषध, इतर सिनेमांतल्यासारखं दोन सेकंदांत चढत नाही. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. रक्त गेलेलं असेल तर शरीर स्नायूंकडचा पुरवठा आखडतं, म्हणून औषध आणखी रेंगाळतं. त्यात एक जण घाईत सुई उलटी धरून स्वतःच्याच अंगठ्यात टोचून घेतो. त्यावर कुणी हसलं तर हसू दे, पण थरथरत्या हातांनी असं होतं.

शिवाय टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायची पट्टी, स्वतःच भयंकर दुखतं. जखमेच्या दोन-तीन इंच वर पट्टी, सांध्यावर कधीच नाही, आधी हाताने जमेल तेवढी ओढून घट्ट, मग तिच्यातली दांडी पिळत राहायची ती रक्त थांबेपर्यंत. थांबलं नाही तर तिच्या वर दुसरी. वेळ लिहून ठेवायची. जखमी ओरडतोय म्हणून दया येऊन पट्टी ढिली ठेवली, की घात होतो: शिरेतून परत जाणारं रक्त अडतं, धमनीतून येणारं चालूच, आणि रक्तस्राव उलट वाढतो. मांडीची मोठी धमनी तुटली असेल तर माणूस काही मिनिटांत जातो. ओरडणारा निदान श्वास घेतोय. धास्ती असते ती गप्प झालेल्याची. (हे पाहून कुणी साप चावल्यावर पट्टी आवळायला जाऊ नये. तिथे ती मुळीच बांधायची नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.)

‘विमान आलं, मग बॉम्ब का नाही टाकला?’ शत्रू रस्त्यापलीकडे, आपली माणसं अलीकडे. २२५ किलोच्या बॉम्बला शेकडो मीटर मोकळे लागतात. म्हणून विमान नुसतं छपरांवरून खाली घासून जातं. त्या दणक्याने आणि धुळीने समोरचे काही क्षण डोकं वर काढत नाहीत, तेवढ्यात हालचाल करून घ्यायची.

आता ‘खराखुरा’वाल्यांकडे. शरीराला, आवाजाला, वेळेला हा चित्रपट इमानदार आहे, यात वाद नाही. पण आठवणी एकाच बाजूच्या आहेत. ज्यांचं घर, ते कुटुंब एका खोलीत बसवून ठेवलंय आणि कॅमेराही त्यांना तिथेच ठेवतो. सोबतच्या इराकी जवानांना दाराबाहेर आधी पाठवतात, तेही भर्रकन उरकलंय. अमेरिकी सैन्य रमादीत का होतं, याचा तर शब्द नाही. दिग्दर्शकांनी तसं ठरवून केलंय, ठीक; पण मग याला इराक युद्धाची गोष्ट म्हणू नये, एका घरातल्या काही तासांची म्हणावी.

घरी बघणार असाल तर टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. साउंडबारचा ‘नाइट मोड’ही बंद, कारण तो कुजबुज वर उचलतो नि गोळी खाली दाबतो, मग वरचा सगळा हिशेब बिघडतो. शेजारी झोपलेत? मग सरळ हेडफोन लावा. सबटायटल्स सुरू ठेवा. रेडिओवरचं निम्मं बोलणं नाहीतरी सांकेतिक आहे, सगळं कळलंच पाहिजे असं नाही. आणि पोरांना शेजारी बसवू नका.