कुंडी एक, नावं चार

नर्सरीत त्या कुंडीवर खडूने 'ब्राह्मी' लिहिलं होतं. किंमत ६० रुपये. पन्नाशी उलटल्यावर चष्मा कुठे ठेवला हे रोज शोधणारा माणूस ब्राह्मीच्या बाबतीत घासाघीस करत नाही. मीही केली नाही.

डोंबिवलीच्या बाल्कनीत कुंडी ठेवली आणि आईने वाकून पाहिलं. तिचं माहेर चिपळूणकडचं. "अरे, हा तर कारिवणा! आमच्या विहिरीच्या कडेला नुसता माजलेला असायचा. गुरं तुडवत जायची. ह्याचे साठ रुपये दिलेस?"

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी शिरसीच्या. त्या म्हणाल्या, "ही आमची ओंदेलग." कानडीत ओंदु म्हणजे एक, एले म्हणजे पान.

शेवटी पुस्तक काढलं. तिथे चौथं नाव निघालं, मंडूकपर्णी. शास्त्रीय नाव सेंटेला आशियाटिका. पान गोलसर, देठ लांब. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, ती निराळीच: चिखलात पसरणारी, बारीक जाडसर पानांची, पांढरट-जांभळट फुलांची. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, दोघींच्या नोंदी वेगळ्या आहेत, पण आपल्याकडे दोघींनाही सर्रास ब्राह्मीच म्हणतात. नर्सरीवाल्याला तरी काय बोलायचं? शंखपुष्पी या एका नावावर चार वनस्पती हक्क सांगतात, त्यात कुंपणावरची निळी गोकर्णसुद्धा आहे.

गुळवेलीच्या बाबतीत मात्र हा गोंधळ हसण्यावारी नेता येत नाही. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची एक वेल आहे, खोडावर पुळ्यापुळ्या असलेली. ती अपायकारक ठरू शकते असं आयुष मंत्रालयानेही बजावलं होतं. ते वाचलं त्या दिवशी आमच्या ग्रिलवर चढलेल्या गुळवेलीच्या खोडावरून मी तीनदा बोट फिरवलं. काढा अजून केलेला नाही.

खरं तर औषध म्हणून यातलं काहीच पोटात गेलेलं नाही. पानफुटी तर मी औषधाच्या नावाखाली निव्वळ मौजेसाठी पाळली आहे. मित्राने पाकिटातून एक पान आणून दिलं होतं. ते पंचांगावर ठेवलं, तर दहा दिवसांत कडेच्या खाचांमधून मुळांसकट इवली रोपं डोकावू लागली. माती नाही, पाणी नाही, खाली फक्त तिथी-नक्षत्रं!

त्यातच कुठेतरी वाचलं की हिच्या पानाची चव दिवसभरात बदलते. बेंजामिन हाइन नावाच्या, भारतात काम करणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाने पानं चावून हे ताडलं होतं आणि १८१५ साली ते छापूनही आलं. ही वनस्पती रात्री पानांवरची रंध्रं (बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लाच्या रूपात साठवते आणि ऊन आलं की तोच साठा वापरून साखर बनवते. भर उन्हात रंध्रं उघडून पाणी घालवायला नको. मग मीही सकाळी सहाला पानाचा कोपरा चघळला. चिंचेइतका नाही, पण चांगला आंबट. दुपारी दोनला पुन्हा चघळला, तर पाणचट. दोन्ही वेळा थुंकून टाकला, कारण हे झाड गुरांना बाधतं हेही वाचलं होतं.

"अहो, बकरीसारखं काय चघळताय?" आतून आवाज आला.

"प्रयोग."

"मग चहा ठेवू की प्रयोगच पुरे?"

गेल्या आठवड्यात वहिनी त्या पहिल्या कुंडीतली मूठभर पानं खुडून घेऊन गेल्या आणि तासाभराने वाटी आली. पानं कच्चीच वाटलेली, त्यात ओलं खोबरं, जिरं, मिरी आणि ताक. तंबुळी. आईने भातावर घेतली, मग परत घेतली. "एवढा विहिरीवर होता," ती बोटं चाटत म्हणाली, "आणि आम्हाला मेलं कुणी सांगितलंच नाही."

कुंडीवरचं खडूचं नाव पहिल्याच पावसात धुऊन गेलं. आता तिथे काय लिहायचं यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.