साठ शब्दांत ‘राजपूत’

प्रदर्शनांच्या फलकांवरचा मजकूर लिहिणे हे माझे काम. एका फलकावर साठ-सत्तर शब्दांहून अधिक मजकूर चालत नाही, कारण उभ्याने वाचणारा त्यापुढे थांबत नाही. नौदलावरच्या प्रदर्शनातला ‘आयएनएस राजपूत’चा फलक माझ्याकडे आला, तेव्हा आयोजकांनी मुख्य वाक्य आधीच ठरवले होते: या विनाशिकेने १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीला जलसमाधी दिली.

या जहाजाचे आयुष्य स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला सुरू झाले. १९४२ मध्ये ते ‘एचएमएस रॉदरहॅम’ या नावाने ब्रिटिश नौदलात आले. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या नौदल तळाची शरणागती त्याच्याच कप्तानाने स्वीकारली आणि तिथल्या गोदीच्या एका दरवाजाला जहाजाचे नाव मिळाले. १९४९ मध्ये ‘रेडाउट’ आणि ‘रेडर’ या जहाजांसोबत ते भारताकडे आले. तिघांची नावे ‘राजपूत’, ‘रणजित’ आणि ‘राणा’ झाली. १९७१ मध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अंदमानकडे सुरक्षित असताना, ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा भास ‘राजपूत’ने बिनतारी संदेशांतून निर्माण केला. माझ्या मते फलकावर घालण्याजोगी खरी कर्तबगारी ही आहे, कारण तिच्याबद्दल फारसा वाद नाही.

वाद ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीबद्दल आहे. बंदरातून बाहेर पडताना ‘राजपूत’ने संशयावरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले आणि काही मिनिटांनी मोठा स्फोट झाला. डेप्थ चार्ज ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटतो आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्याला सेकंदच लागतात. म्हणजे तो नंतरचा स्फोट डेप्थ चार्जचा असू शकत नाही. आधीच्या धक्क्याने पाणबुडीतला दारूगोळा पेटला, की ती स्वतः पेरलेल्या सुरुंगावर गेली, की आतच अपघात झाला, याचा निकाल दोन्ही देशांना मान्य होईल असा लागलेला नाही.

‘भारतीय नौदलाच्या नोंदीनुसार’ एवढे तीन शब्द मी मागितले. आयोजक सौजन्याने बोलत होते, पण त्यांना शंका नव्हे, शौर्य हवे होते. प्रेक्षकांबद्दलचा त्यांचा अंदाज चुकीचा होता, असेही मला म्हणवत नाही. फलक त्यांच्याच वाक्यासह छापला गेला. त्याच्या मोठ्या टाइपाला जागा करण्यासाठी सिंगापूर आणि बिनतारी संदेश, दोन्ही वगळले गेले, आणि त्यांतल्या संदेशांसाठी मी पुरेसा भांडलो का, हे अजून ठरत नाही.