उडी बघायची तर टाच बघा

इंदूरच्या नवलख्यातल्या प्राणिसंग्रहालयात हत्तीपाशी उभी असलेली मुलं हमखास विचारतात, "हा उडी मारून बाहेर आला तर?" नाही येणार. पण "तो जड आहे म्हणून" हे आपलं ठरलेलं उत्तर अर्धंच खरं. आणि "उडी न मारणारा सस्तन प्राणी फक्त हत्ती" हे तर साफ चूक; स्लॉथही उडी मारत नाही.

प्राण्याचा मागचा पाय बाजूने बघा. घोड्याच्या पायात मध्येच जो 'उलटा गुडघा' दिसतो, ती खरं तर त्याची टाच. तिच्याखाली लांब हाड आणि वरून येणारी जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) असते. उडीआधी पाय दुमडला की ही शीर ताणली जाते आणि सोडताना रबरासारखी परत खेचली जाते. म्हणून पाचशे किलोच्या आसपासचा घोडाही उडतो. ५ फेब्रुवारी १९४९ रोजी चिलीमध्ये हुआसो नावाच्या घोड्याने २.४७ मीटरचा अडथळा पार केला. तो विक्रम अजून तुटलेला नाही.

हत्तीची टाच जमिनीलगत असते, मागे चरबीची जाड गादी आणि वर खांबासारखी सरळ रेषेत उभी हाडं. वजन पेलायला ही रचना उत्तम, पण झेप घ्यायला तिच्यात लवच नाही. शिवाय आकार दुप्पट झाला की वजन आठपट होतं, हाडांचा नि स्नायूंचा छेद मात्र चौपटच. अर्धा मीटर उंचीवरून उतरणाऱ्याचे पाय ताशी ११ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतात. चार टनांच्या सांध्यांना तो दणका परवडणारा नाही. ताशी २५ किलोमीटरने धावतानासुद्धा हत्तीचा एक तरी पाय जमिनीवर टेकलेला असतो.

गेंडा दौडताना चारही पाय उचलतो. पाणघोडाही जोरात दुडकताना क्षणभर अधांतरी असतो, हे रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चित्रफिती तपासून दाखवलं. याला उडी म्हणू नये. कुंपण ओलांडणं वेगळं.

म्हणूनच हत्तीला भिंतीपेक्षा खंदक चांगला अडवतो. रुंदी मात्र त्याच्या एका पावलापेक्षा बरीच जास्त हवी, आणि सोंड पुढे कुठवर पोचते तेही धरायचं. खंदक बिघडतो तो काठामुळे. आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून ढासळते. काठ खचला की हत्ती पायाने माती आत लोटतो आणि उताराची वाट तयार करतो. दगडी बांधणी आणि पावसाळ्यानंतर गाळ उपसणं, दोन्ही हवंच.

वाघाचा हिशेब उलटा. २५ डिसेंबर २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत वाघीण पिंजऱ्याबाहेर आली आणि एका माणसाचा जीव गेला. खंदकाची भिंत सुमारे ३.८ मीटर भरली; शिफारस ५ मीटरची होती. ही उंची खंदकाच्या तळापासून मोजायची, प्रेक्षकांच्या बाजूने नव्हे. तळात साचलेला गाळ, आत झुकलेली फांदी, भिंतीला पडलेली खाच, प्रत्येक गोष्ट वाघाला वाटेचा एक तुकडा बहाल करते.

सगळ्यांत जड उडी मात्र जमिनीवर नाहीच. हंपबॅक देवमासा तीसेक टनांचा असूनही जवळजवळ पूर्ण पाण्याबाहेर येतो. पाण्याखाली त्याचं वजन पाणीच तोलून धरतं, वेग शेपटी देते, आणि परत पडायचं असतं तेही पाण्यातच.