आवाज न वाहणारा सर्व्हर: कामाइलिओ शिकतानाचा माझा अनुभव

आमच्या शिक्षण संस्थेच्या शाखा सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या आहेत. त्यांना आपसात बोलता यावे म्हणून इंटरनेटवर चालणारी अंतर्गत फोन यंत्रणा उभारण्याचे काम माझ्याकडे आले. ती सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला जोडायची नाही, हे आधीच ठरले होते, कारण आपल्याकडे तशी जोडणी परवानाधारक दूरसंचार कंपन्यांमार्फतच करता येते. संस्थेअंतर्गत संभाषण एवढीच गरज असल्यामुळे मी कामाइलिओ हा मुक्त स्रोत सिप प्रॉक्सी निवडला. सिप ही इंटरनेटवरचे कॉल जुळवण्याची संदेशपद्धत, आणि प्रॉक्सी म्हणजे ते संदेश योग्य फोनकडे पोहोचवणारा सर्व्हर.

त्याचा पूर्वेतिहास मला आधी समजून घ्यावा लागला, आणि तो निव्वळ कुतूहलापोटी नव्हे. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस या संशोधन संस्थेत ‘सिप एक्सप्रेस राउटर’ हा प्रकल्प सुरू झाला आणि २००२ मध्ये तो जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली खुला झाला. २००५ मध्ये त्यातून ओपनसेर निघाले, आणि २००८ मध्ये ओपनसेरच्याही कामाइलिओ आणि ओपनसिप्स अशा दोन वाटा झाल्या. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये या सर्व नावांची सरमिसळ आढळते. एकाची मांडणी दुसऱ्यासारखी दिसते, पण जशीच्या तशी चालत नाही. शिकणाऱ्याने कोणताही नमुना उतरवून घेण्यापूर्वी तो कोणत्या शाखेचा आणि कोणत्या आवृत्तीचा आहे, हे पाहिले पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३२६१ या सिपचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाने शिकवली. सिप प्रॉक्सी हे टेलिफोन एक्स्चेंज नव्हे. अ‍ॅस्टेरिस्कसारख्या एक्स्चेंजचे काम करणाऱ्या प्रणालीत प्रत्येक कॉलच्या दोन्ही बाजू सर्व्हरवर येऊन थांबतात आणि सर्व्हर त्या जोडतो. प्रॉक्सी मात्र स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो: दोन्ही घरांचे पत्ते त्याच्याकडे असतात, निरोप तो पोहोचवतो, परंतु पुढची बोलणी त्या दोघांची आपसात होतात. फोन ‘रजिस्टर’ संदेश पाठवून आपला पत्ता नोंदवतो, कॉलची मागणी करणारा ‘इन्व्हाइट’ आला की प्रॉक्सी नोंदीत पत्ता शोधून तो पुढे पाठवतो, आणि आवाजाची पाकिटे, म्हणजे आरटीपी पद्धतीने पाठवलेले आवाजाचे तुकडे, फोनमधून फोनकडे जातात. पुढे आलेली प्रत्येक अडचण मला या एका गोष्टीच्या आधारेच उलगडता आली.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर कामाइलिओ आणि त्याचे मायएसक्यूएल डेटाबेससाठीचे मॉड्यूल बसवणे सोपे आहे. मूळ संरचना फाइलमध्ये बहुतेक सुविधा आधीच लिहिलेल्या असतात आणि वरच्या भागात ‘डिफाइन’ ओळी घालून त्या सुरू करता येतात. येथे एक बारकावा आहे: हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ टिप्पणी असते, पण हॅशला लागून उद्गारचिन्ह आले की ती आज्ञा ठरते. डेटाबेस, ओळख पडताळणी आणि नोंदींची साठवण या तीन सुविधा मी प्रथम सुरू केल्या. वापरकर्ते तयार करण्यापूर्वी डोमेनचे नाव मात्र कायमचे ठरवावे. पासवर्डऐवजी ‘एचए१’ हा त्याचा सांकेतिक अंश साठवायचा असेल तर तो वापरकर्त्याचे नाव, क्षेत्र आणि पासवर्ड या तिन्हींवरून काढला जातो, आणि क्षेत्र म्हणजे सहसा डोमेनच असते. नंतर डोमेन बदलले तर सगळे पासवर्ड नव्याने द्यावे लागतात.

नोंदणी झाली, एकाच शाखेतल्या दोन फोनांमध्ये कॉल लागला, आवाजही स्वच्छ आला. मात्र प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटाच्या आसपास आपोआप तुटत होता. वेळ मोजली तेव्हा ती दर वेळी ३२ सेकंद भरली, आणि या आकड्यातच उत्तर होते. सिपमध्ये टी१ हा मूळ कालावधी ५०० मिलिसेकंदांचा असतो. फोन उचलणाऱ्याने पाठवलेल्या ‘२०० ओके’ या होकाराला पलीकडून पोच म्हणून ‘अ‍ॅक’ आला नाही, तर तो आपले उत्तर अर्धा, एक, दोन आणि पुढे चार-चार सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवत राहतो आणि टी१ च्या ६४ पट काळ उलटल्यावर कॉल सोडून देतो. म्हणजे आवाज नीट जात होता, हरवत होता तो एकच छोटा संदेश.

एसएनग्रेप हे साधन टर्मिनलमध्ये सिप संदेशांचा प्रवास बाणांनी दाखवते, आणि माझ्या मते कामाइलिओइतकेच ते शिकणे आवश्यक आहे. त्यात, पुढचे संदेश कोणत्या वाटेने पाठवायचे हे सांगणाऱ्या ‘रेकॉर्ड-राउट’ या शीर्षकात सर्व्हरचा १० ने सुरू होणारा खासगी पत्ता दिसला. क्लाउडवरील यंत्राला स्वतःचा तेवढाच पत्ता माहीत असतो. सार्वजनिक पत्ता बाहेरच्या थरात बदलून लावला जातो. कॉल करणारा फोन प्रामाणिकपणे त्या खासगी पत्त्यावर ‘अ‍ॅक’ पाठवत होता आणि तो कोठेही पोहोचत नव्हता. संरचना फाइलमधील ‘लिसन’ ओळीत ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ या शब्दापुढे सार्वजनिक पत्ता लिहिल्याबरोबर ३२ सेकंदांची मर्यादा नाहीशी झाली.

दोन वेगळ्या शाखांमध्ये कॉल केल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला: घंटी वाजे, फोन उचलला जाई, पण आवाज येत नसे. प्रत्येक फोन राउटरच्या आड असल्यामुळे आवाज कोठे पाठवायचा हे सांगणाऱ्या एसडीपी मजकुरात तो आपला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता सांगतो, आणि दुसऱ्या शाखेतून त्या पत्त्यावर पाकिटे पोहोचणे अशक्य असते. प्रॉक्सी आवाज वाहत नसल्यामुळे येथे स्वतंत्र वाहक लागतो. मी आरटीपीइंजिन हा वाहक बसवला आणि त्यालाही खासगी व सार्वजनिक असे दोन्ही पत्ते जोडीने सांगितले. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाच्या अंकीय मांडणीत, आवाजाचे सेकंदाला ६४ किलोबिट असतात, पण दर २० मिलिसेकंदांच्या पाकिटाला शीर्षके जोडल्यावर एका दिशेला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात. दोन्ही बाजूंचा आवाज सर्व्हरवरून जाऊ लागला की सर्व्हरकडे १६० येतात आणि १६० जातात.

म्हणूनच प्रत्येक कॉल या वाहकाकडे सोपवणे मला पटले नाही. विनंती ज्या सार्वजनिक पत्त्यावरून आली तो, आणि ज्याला फोन करायचा त्याच्या नोंदीतला पत्ता, हे दोन्ही एकच असतील तर दोघे एकाच शाखेत आहेत. अशा वेळी एसडीपीला हात न लावण्याची अट मी संरचनेत लिहिली. आता शाखेतल्या शाखेत होणारे संभाषण तिथल्याच तारांवरून जाते, आणि इंटरनेटची जोडणी संथ असली तरी आवाज अडखळत नाही. ग्रामीण भागातील शाखांसाठी ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, आणि प्रॉक्सीची निवड योग्य ठरली ती याच कारणाने.

सर्व्हर सार्वजनिक होताच ५०६० या पोर्टवर अनोळखी यंत्रांचे शोध सुरू होतात आणि ते थांबत नाहीत. त्यासाठी ‘पाइक’ मॉड्यूल ठरावीक वेळेत फार विनंत्या पाठवणारा पत्ता ओळखते, आणि मूळ संरचनेनुसार तो पत्ता ३०० सेकंद बंद ठेवला जातो. आमच्या भागात मात्र याला दुसरी बाजू आहे. वीज जाऊन आली की शाखेतील सगळे फोन एकदम नोंदणी करू लागतात, आणि ते एकाच सार्वजनिक पत्त्याआड असल्यामुळे संपूर्ण शाखाच पाच मिनिटांसाठी बाहेर राहू शकते. शाखांचे स्थिर पत्ते मी या तपासणीतून वगळले आहेत, आणि जिथे स्थिर पत्ता मिळत नाही तिथे मर्यादा वाढवून ठेवली आहे. सिप संदेश गुप्त ठेवण्यासाठी ५०६१ पोर्टवरील टीएलएस आणि आवाज गुप्त ठेवण्यासाठी एसआरटीपी ही पुढची कामे सध्या दोन शाखांमध्ये चाचणीखाली आहेत.