मेलाय काय तो?

रविवार, रात्र

झोप येईना. कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं किरकोळ आहे. प्राणिसंग्रहालयातला काचेमागचा अजगर आणि भाऊजींचा प्रश्न, "मेलाय काय की तो? हलंनासा झालाय." पोरं खिदळली. कुणीतरी बोटाच्या पेरानं काच वाजवली. धाकटीनं कन्नड फलकावरचं 'हेब्बावु' घडाघडा वाचलं आणि सगळे वाघाकडं निघाले. सगळं मिळून अर्धा मिनिट.

मेला नव्हता. कातीला आला होता. डोळे दुधाळ निळसर, अंगावरची नक्षी धुरकट, अर्धं धड पाण्यात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघून येतो. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव साठला की डोळे गढूळ होतात. काही दिवस तसेच राहतात, मग निवळतात. बघणाऱ्याला वाटतं आता झालं, पण कात सुटायला तिथून पुढं आणखी तीन-चार दिवस लागतात. डोळे गढूळ असताना सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो दबून राहतो, खात नाही आणि चटकन बिथरतो. नेमक्या अशा वेळी काच वाजवायची! सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला असतो आणि तो जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो. काचेवरची टकटक चौकटीतून जमिनीत आणि जमिनीतून थेट त्याच्या जबड्यात जाते. बिथरलेला साप काचेवर तोंड मारतो. दात तुटतात, नाकाच्या शेंड्यावरचा खवला सोलवटतो. त्या जखमेत पू झाला तर तोंड सडण्यापर्यंत वेळ येते.

हे मी तिथं सांगायला तोंड उघडलं होतं. "पुढं चला की, ऊन होतंय," एवढंच उत्तर मिळालं.

राग म्हणावा तर राग नाही. अपमान झाल्यासारखं वाटतंय, पण तो माझा की अजगराचा, तेच ठरेना. अजगराला काही वाटलं असेल असं मी म्हणणार नाही, तेवढी अक्कल आहे. मग माझाच. इतकी वर्षं जे शिकले, हातानं केलं, त्याला घरच्यांच्या लेखी अर्ध्या मिनिटाची किंमत. भाऊजींच्या ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटवर जेवणाचं ताट निवेपर्यंत बोलणं चालतं आणि मी मान डोलावते. असो, तो विषय नको.

परत अजगराकडं. पाण्यात बसला होता ते बरं लक्षण. हवा कोरडी असली की कात अखंड सुटत नाही, तुकड्या-तुकड्यानं निघते. कणकुंबीकडच्या पावसात हा प्रश्न येत नाही, तिथं उलट ओल जास्त होऊन पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत मात्र अंग बुडेल एवढी टाकी आणि घासायला एक खडबडीत ओंडका, एवढं पाहिजेच. कात ओठांपासून सुटायला लागते आणि पायमोज्यासारखी उलटी होत शेपटीकडं जाते. सांभाळणाऱ्यानं ती फेकायच्या आधी उलगडून दोन गोष्टी बघायच्या. डोळ्यांचे दोन्ही खवले आलेत का, आणि शेपटीचं टोक पुरतं निघालंय का. टोकाला जुन्या कातडीचं कडं राहिलं तर ते सुकून आवळतं, रक्त थांबतं आणि शेंडा काळा पडून झडतो. डोळ्यावरचा खवला राहिला तर चिमट्याला हात लावायचा नाही, खालचा नवा खवलाही फाटतो. सापाला ओल्या गोणपाटात अर्धा तास ठेवायचं, पाणी कोमट, हाताला गरम न लागणारं. नाहीच सुटला तर पुढच्या कातीची वाट बघायची किंवा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आणि खाणं! पोरांना तो खाताना बघायचा होता. मोठा अजगर पंधरवड्या-महिन्यातून एकदा खातो. कातीला आल्यावर दिलेलं भक्ष्य तो बहुतेक सोडून देतो. खाल्लं आणि अंगाला ऊब कमी पडली तर पचायच्या आधी पोटात सडतं आणि उलटून पडतं. आपल्याकडच्या थंडीत, रात्री पारा पंधराच्या खाली गेला की, उबेची सोय नसताना खायला घालूच नये. उपाशी अजगर महिनोन्‌महिने तग धरतो.

खरं तर मेलाय की जिवंत हे ओळखायला फार काही लागत नाही. डोक्यामागं, धडाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, बाजूची कातडी वर-खाली होते. श्वास संथ, मध्येच बराच वेळ थांबलेला. एक-दोन मिनिटं त्या जागेवरून नजर काढायची नाही. पण मिनिटभर उभं कोण राहणार? ऊसतोडीत हाच अजगर निघाला तर अख्खी टोळी तासभर उभी राहते, कोयते हातात घेऊन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, हे तिथंही कुणी ऐकून घेत नाही.

वाघही झोपलाच होता, म्हणा. त्याला कुणी मेलाय काय विचारलं नाही. पोट हलताना लांबूनही दिसतं ना.

इथवर लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. गोकाकचा करदंट खात, पोरांच्या टोप्या सांभाळत माणसं एका दिवसासाठी बाहेर पडलेली. त्यांना मी काचेपुढं उभं करून शेपटीच्या टोकाचं कडं समजावणार होते! मीच पळाले असते.

आणि जेवताना भाऊजींनीच विचारलं. कोठीच्या खोलीत परवा काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला, मण्यार तर नसेल? मी भाकरी तशीच ठेवली. पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडं पुसट होत गेले असतील तर कवड्या, बिनविषारी. मानेमागं थोडी जागा कोरी आणि शेपटीकडं पट्टे ठळक, बहुतेक जोडीजोडीनं, तर मण्यार. भिंतीवर सरसर चढत होता म्हणाले, म्हणजे कवड्याच असणार, पाली खायला येतो. तरी खात्री नसेल तर हात लावायचा नाही, जमिनीवर झोपायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. चावलाच, तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मण्यारीचा दंश कधी कधी दिसतसुद्धा नाही, सूज नसते, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. कोठीतल्या मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा.

पूर्ण ऐकून घेतलं भाऊजींनी. मग म्हणाले, "जाळी तूच आण, तुला माप कळतं."

उद्या मारुती गल्लीत जायचं आहे. मोरीचं तोंड नऊ इंच भरलं, जाळी फूटभर घ्यावी लागेल.